डोंगरातली बकरी

मोरीच्या दाराची बिजागरी ऐन पावसाळ्यात गंजून तुटली, म्हणून मी बोहरी आळीत गेले होते. एवढीशी वस्तू घरबसल्या मागवता आली असती, नाही असं नाही. पण रविवार पेठेतल्या त्या चिंचोळ्या गल्लीत शिरलं की नवं लोखंड, ग्रीस, सुतळी आणि ओल्या पोत्यांचा जो एकत्र वास येतो, तो मला लहानपणापासून आवडतो. वडिलांचं बोट धरून तारचुका आणायला जायचे, तेव्हाचा आहे तो. दुकान ओळखीचं. गल्ल्यावर चाचा, डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी. मागे छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे त्याचा एक नमुना ठोकलेला: कडी, कोयंडा, मूठ, हूक. त्या दिवशी गल्ल्याशेजारी एका उपड्या डब्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. निळा, झालर लावलेला छोटासा रिदा, बोहरी बायकांचा असतो तो बुरख्यासारखा पोशाख. जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर खडूने काहीतरी रंगवत होती.

“नाव काय गं तुझं?”

“अर्वा.”

मला ते ‘आर्वी’ ऐकू आलं. त्यात माझ्या कानांचा दोष नाही. हल्ली बालवाडीच्या वर्गात एक तरी आर्वी असते, आमच्याच सोसायटीत दोन आहेत. (आमच्या वेळी आर्वी म्हटलं की वर्ध्याजवळचं गाव आठवायचं आणि तिथली एस.टी.) मुलीने मान हलवून मला दुरुस्त केलं. “आर्वी नाही. अर्-वा.” र वर जीभ क्षणभर टेकवून, वा थोडा लांबवून. अर्थ काय म्हणून विचारलं तर तिने खांदे उडवले. चाचा तीन इंची बिजागरी शोधायला शिडीवर चढले होते, मला काही काम नव्हतं, मी मोबाइल काढला. आणि जे समोर आलं ते विचार न करता मोठ्याने वाचलं: “डोंगरातली बकरी!” वाचलं आणि हसले. दुकानात नळ दुरुस्तीवाले दोघेजण उभे होते, तेही हसले. त्यातल्या एकाने बें-बें करून दाखवलं. मुलीचा खडू कागदावर जिथे होता तिथेच थांबला.

चाचा शिडीवरून न वळताच म्हणाले, “बकरी नाही हो ताई. आमच्या राणीचं नाव आहे ते.” आवाज चढला नव्हता. मग खाली उतरून, बिजागरी पुसून माझ्यासमोर ठेवत त्यांनी विचारलं, “स्क्रू किती देऊ?”

बिजागरी घरी येऊन बसली. ते हसू मात्र काही केल्या बसेना.

नावाचा अर्थ विचारायची ही खोड आपल्याला केव्हा लागली? माझ्या आजीच्या पिढीत कुणी विचारत नसे, कारण अर्थ उघडाच असायचा. मुलं जगत नाहीत म्हणून धोंडू, दगडू, केरबा. पोरीवर पोरी झाल्या म्हणून नकुशा. त्या नकुशांची नावं 2011 साली साताऱ्यात समारंभाने बदलली गेली, तेव्हा पेपरातले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले होते. नव्या नावाचा कागद हातात धरून उभ्या असलेल्या त्या मुलींच्या डोळ्यांत आनंदापेक्षा अवघडलेपण जास्त होतं, असं मला तरी वाटलं. आता उलट झालंय. बाळाच्या जन्माआधीच आईबाप मोबाइलवर नावं चाळतात, नाव वेगळं हवं, छोटं हवं, परदेशात उच्चारता आलं पाहिजे आणि अर्थ ‘छान’ हवा. त्या याद्या मी पाहिल्या आहेत. तिथे कुठलंही नाव टाका, अर्थ चारपाचच: सुंदर, पवित्र, तेजस्वी, देवाची देणगी. अर्वाच्या पुढेही अशा याद्यांनी कुठे टवटवीत, कुठे नाजूक असं काहीबाही लिहून ठेवलंय. बकरीची लाज वाटून केलेली ही सारवासारव असावी.

पण बकरीत लाजण्यासारखं काही नाहीच. अरबीत ‘उर्विय्या’ म्हणजे डोंगरकड्यांवर राहणारी रानशेळी, मागे वळलेल्या शिंगांची. अर्वा हे तिचं अनेकवचन, म्हणजे नाव एका शेळीचंही नाही, अख्ख्या कळपाचं आहे. आपल्या दावणीची शेळी डोळ्यांसमोर आणली की घोटाळा होतो. ही उभ्या कातळावर, जिथे माणसाची बोटं टेकणार नाहीत अशा कपारीत खूर रोवून शांत उभी राहते. येमेनच्या जुन्या सबाई राजवटीत देवळांच्या दगडी पट्ट्यांवर ओळीने हीच रानबकरी कोरलेली आहे, एकीशेजारी एक. एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात म्हटलंय की धर्म हिजाझला, मक्का-मदिनेच्या मुलखाला, असा धरून राहील, जशी उर्विय्या डोंगराच्या माथ्याला धरून राहते. आणि अरबांची एक म्हण मला फार आवडली: अर्वा आणि शहामृग यांना एकत्र कोण आणणार? एक कड्यावरची, दुसरा सपाट वाळवंटातला, त्यांची गाठ पडायची कशी. विसंगत बडबड करणाऱ्याला म्हणत, बोलला आणि अर्वा नि शहामृग एकत्र बांधले.

मीही त्या दिवशी दुकानात तेच केलं होतं बहुधा.

शब्दकोशात शिरलं की माणूस लवकर बाहेर येत नाही. अर्वा ज्या धातूच्या खाली सापडते, त्याच धातूखाली पाणी आहे. तहान भागणे, पोटभर पाणी पिणे. हजच्या महिन्यातल्या आठव्या दिवसाला ‘तरविया’चा दिवस म्हणतात, कारण पुढच्या कोरड्या मुक्कामासाठी यात्रेकरू त्या दिवशी पाणी भरून घेत. पाण्याच्या पखाली वाहणाऱ्या उंटाला ‘राविया’ म्हणत, आणि पुढे कवींच्या कविता पाठ करून गावोगाव वाहून नेणाऱ्यालाही राविया म्हणू लागले. उर्दूतून आपल्या कानावर येणारे रावी आणि रिवायत हे शब्द तिथलेच. पाणी वाहणारा आणि गोष्ट वाहणारा यांना एकच शब्द, हे वाळवंटातल्या माणसालाच सुचावं. शारजात राहणाऱ्या भावाकडे मी गेले होते तेव्हा तिथे ‘अर्वा’ नावाच्या पाण्याच्या बाटल्या पाहिल्या होत्या, कोका कोलावाल्यांच्या. तेव्हा ते नुसतं एक लेबल होतं. एक बाटली मी विमानतळावर अर्धी पिऊन कचऱ्यात टाकल्याचंही आठवलं.

आणि गंमत अशी की संस्कृतातही ‘अर्वा’ आहे. ‘अर्वन्’ म्हणजे घोडा, त्याची प्रथमा अर्वा. अमरकोशातल्या घोड्याच्या नावांच्या माळेत तो वाजी, वाह यांच्या शेजारी उभा आहे. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उगीच नातं लावायला जाऊ नये. पण तिकडची कड्यावर चढणारी आणि इकडचा मैदानात धावणारा, दोघे चार पायांचे प्राणी एका आवाजाला ओ देतात. त्या नळवाल्याला हे आधी कळलं असतं तर त्याने बें-बें केलं असतं की खिंकाळला असता, कोण जाणे.

माझ्या शाळेत मुसलमान मुली होत्या त्या रझिया, नसीम, शबाना, मुमताज. बरीचशी नावं उर्दू-फारसीच्या वळणाची, सिनेमातून ओळखीची झालेली. आता त्यांच्या नाती इनाया आणि आयरा आहेत. अर्वा मला आयुष्याच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या दुकानातच पहिल्यांदा भेटली. अरबस्तानात, येमेनमध्ये ते घराघरात कळणारं जुनं नाव. आपल्याकडे ते भेटलं तर बहुधा बोहरी घरात भेटतं. बाकी ठिकाणी विरळाच. असं का, याचं उत्तर चाचांच्या त्या एका वाक्यात होतं, पण तिथे पोचायच्या आधी मी वाटेत दुसऱ्याच अर्वांपाशी अडखळले.

मोहम्मद पैगंबरांच्या एका आत्याचं नाव अर्वा. तिसरे खलिफा उस्मान यांच्या आईचंही. आणि पैगंबरांचा कट्टर वैरी झालेला त्यांचा काका अबू लहब, त्याच्या बायकोचं नावसुद्धा अर्वा. उम्म जमील म्हणून ती ओळखली जाते. कुराणातल्या एका छोट्याशा सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, तिच्यावर जळजळीत ओळ आहे, पण तिथे तिचं नाव येत नाही. लाकडं वाहणारी एवढंच म्हटलंय, आणि गळ्यात काथ्याचा दोर. मला वाटलं, आपण हे नाव टाकून दिलं असतं. आपल्याकडे मंथरा कुणी ठेवतं का? कैकेयी? त्या माणसांनी नाव आणि बाई वेगळी ठेवली. सूरा पाठ करतात आणि पोरीला अर्वा अशी हाकही मारतात.

पण मला खिळवून ठेवलं ते नात्याने. अबू लहब त्या आत्याचा भाऊ. म्हणजे या दोन अर्वा एकमेकींच्या नणंद-भावजय.

इथे मला थांबावं लागलं, कारण माझं लग्नाआधीचं नाव शैला. सासरी माझ्या थोरल्या नणंदेचं नावही शैला. ‘एका घरात दोन शैला कशा चालतील’ असं सासूबाई म्हणाल्या, त्या काही वाईट बाई नव्हत्या, आणि ते सगळ्यांना, मलाही, पटलं. लग्नाच्या दुपारी ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने ‘माधवी’ लिहिलं. वरच्या पंख्याच्या वाऱ्याने ‘वी’ची वेलांटी जराशी विस्कटली तेव्हा कुणीतरी हसलं होतं. मला नाव आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. मंगलाष्टकांनी घसा बसलेला, सुगंधी फुलांचा वास, भूक लागलेली, आणि एक नवंकोरं नाव. पुढे बँकेच्या पुस्तकावर, रेशनकार्डावर, मुलांच्या दाखल्यावर माधवी. शैला म्हणणारी माणसं एकेक करून गेली. आई गेली, वडील गेले, भाऊ ‘ताई’ म्हणतो. नणंद मात्र अजून शैलाच आहे, तिला कुणी हाक मारली की मी अजूनही, पस्तीस वर्षांनी, आधी मान वळवते. मक्केतल्या त्या घराण्यात लग्नाच्या वेळी कुणी म्हणालं नसेल, एका घरात दोन अर्वा कशा चालतील म्हणून. तिथे बाप बदलत नाही तसं नावही बदलत नाही: ही अब्दुल मुत्तलिबची अर्वा, ती हर्बची अर्वा. नावामागे नवरा नाहीच. बाकी पुष्कळ गोष्टींत त्या बायकांना काय सोसावं लागलं ते लागलं, पण एवढं एक त्यांचं त्यांच्यापाशी राहिलं. मला त्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याचं थोडं आश्चर्यही. अब्बासी खलिफा मन्सूरच्या बायकोचं नाव पण अर्वा. तिने तर निकाहाच्या करारातच लिहून घेतलं होतं म्हणतात, की मी असेतो दुसरी बायको करायची नाही.

तर चाचांची राणी. पंधरा दिवसांनी बिजागरीचा एक स्क्रू ढिला झाला, असं निमित्त काढून मी पुन्हा आळीत गेले. ढिला झाला होता, पण तो घरातल्या पेचकसाने आवळता आला असता. पाऊस जोरात होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अर्वा शाळेत गेली होती. चाचांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला. मी माफी मागितली तर ते नुसते हात हलवून म्हणाले, “अहो, पोरगी विसरली पण.” ते खरं नसावं असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. मग मी वाचून आले होते ते अर्धं मी सांगितलं, उरलेलं त्यांनी.

अर्वा सुलैही. येमेनची राणी, जन्म 1048 च्या सुमाराचा. सुलैही घराण्याच्या राजवाड्यात वाढली, राजपुत्राशी लग्न झालं, पुढे आजाराने नवऱ्याने कारभार तिच्या हाती सोपवला आणि मग तो तिच्याच हाती राहिला. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, तिचं नाव घेतलं जाई. ती 1138 मध्ये वारली तेव्हा नव्वदीची होती. दिल्लीला रझिया गादीवर बसायला अजून शंभर वर्षं होती, आणि ज्ञानेश्वरी लिहायला दीडशे. कवी तिला धाकटी बिल्कीस म्हणत, शेबाच्या राणीवरून. जुन्या ग्रंथांत ती बऱ्याचदा ‘सय्यिदा हुर्रा’ म्हणून येते, हुर्रा म्हणजे कुलीन, कुणाची बांधील नसलेली स्त्री. चाचाही सुरुवातीला नाव घेत नव्हते, ‘हुर्रतुल मलेका’ म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी मान किंचित लववत होते. मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, ते नातीला ठेवायचं आणि दिवसभर हाका मारायच्या. हे आपल्याकडचंच आहे की. माझ्या आजोबांचं नाव चुलतभावाला ठेवलं होतं, आजी त्याला आयुष्यभर ‘अरे मुला’ म्हणाली.

राजधानीची गोष्ट चाचांनी दोन्ही हातांनी सांगितली. राणीने नवऱ्याला म्हटलं, सना शहरातली माणसं बोलावून घ्या. बोलावली, तर जो तो तलवारी-भाले घेऊन आला. मग जिबला गावी गेले, तिथली माणसं बोलावली. कुणी मेंढा आणला, कुणी तुपाचं भांडं, कुणी मध. “राणी म्हणाली, राहायचं तर या लोकांत राहू.” हे म्हणताना त्यांनी समोरच्या ताज्या चहाकडे असं काही पाहिलं, की जणू मीच तुपाचं भांडं घेऊन आले होते. जिबला म्हणजे येमेनचा हिरवा, पावसाचा डोंगराळ भाग, दोन ओढ्यांच्या मधलं गाव. पायऱ्यापायऱ्यांची शेतं. गावाला जिबला हे नाव तिथे मडकी विकणाऱ्या एका यहुदी कुंभारावरून पडलं असं सांगतात, ज्याच्या जागेवर पुढे राजवाडा उठला. राजवाड्याचं नाव गेलं, कुंभाराचं राहिलं. राणीने तिथे मशीद बांधवली आणि तिथेच तिची कबर आहे.

आणि या राणीचा बोहरी आळीशी संबंध काय? तिच्या काळात येमेनहून धर्मप्रचारक समुद्र ओलांडून गुजरातेत खंबायतला येत होते, आणि पश्चिम भारतातल्या त्या कामावर देखरेख येमेनच्या या दरबाराची होती. पुढे 1130 मध्ये इजिप्तच्या फातिमी खलिफाचा खून झाला, वारसाहक्काचं भांडण पेटलं, तेव्हा तिने त्याच्या तान्ह्या मुलाची, तय्यिबची बाजू घेतली आणि पडद्याआड गेलेल्या या इमामाच्या वतीने कारभार पाहणारा ‘दाई’, म्हणजे धर्मप्रमुख, नेमण्याची परंपरा सुरू केली. ते पद सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आलं, कालांतराने मुंबईत. म्हणजे भेंडीबाजारातल्या आणि रविवार पेठेतल्या या माणसांची धर्मपरंपरा मागे नेत गेलं, की ती जिबलाच्या त्या बाईपाशी पोचते. तिने उलटा निर्णय घेतला असता तर हे दुकान असतं, पण टोपी कदाचित वेगळी असती. चाचा त्यांच्या भाषेत एक वाक्य म्हणाले, गुजरातीत अरबी मिसळलेली ती लिसान-ए-दावत मला अर्धीच कळते. अर्थ साधारण असा की आम्ही तिची रयत.

खंबायतची आख्यायिका त्यांनी स्क्रू शोधता शोधता सांगितली. तिकडून आलेल्या मौलाई अब्दुल्लांना शेतात काका अकेला आणि काकी अकेला असं म्हातारं जोडपं भेटलं. त्यांनी पाणी मागितलं. जोडपं म्हणालं, विहीर कोरडी आहे. मग विहिरीला पाणी लागलं. एवढीच गोष्ट. मी त्यांना तो धातूचा, पाण्याचा, तहान भागण्याचा अर्थ सांगणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. पण ते खणात हात घालून एकेक स्क्रू बोटांनी चाचपत होते आणि बाहेर पन्हळीतून पाणी इतक्या जोरात पडत होतं, की मी गप्प बसले. तसंही त्या दुकानात माझा एकदा अर्थ सांगून झाला होता.

येमेन आता बातम्यांत वेगळ्याच कारणाने येतं. चाचा तिकडे एकदा जाऊन आलेत, लढाई पेटायच्या आधी. जिबलाच्या चढावर दम लागला एवढं त्यांना पक्कं आठवतं, आणि कड्यावर लांब काहीतरी हललं होतं ते. “बकरी होती का?” मी विचारलं. ते पहिल्यांदा मोकळे हसले. “असेल. आता तुम्ही म्हणता तर असेल.”

एवढ्यात रिक्षातून दप्तर, रेनकोट आणि आई यांच्यासकट अर्वा उतरली. मला पाहून ती चाचांच्या मागे सरकली. विसरली नव्हती. मी काय बोलावं ते ठरवून आले होते, राणीबद्दल, कड्याबद्दल, पण पाच-सहा वर्षांच्या माणसापुढे ते भाषण निघेना. तिनेच गल्ल्याच्या कडेने डोकावून विचारलं, “तुमचं नाव काय?”

“शैला,” मी म्हणाले. आधी तोंडातून गेलं, मग मला ऐकू आलं.

“म्हणजे काय?”

“शैल म्हणजे डोंगर. शैला म्हणजे डोंगरातली.”

तिने जरा विचार केला. मग डोळे बारीक करून म्हणाली, “बकरी?”

चाचा “ए!” म्हणून दटावायला गेले, पण त्यांच्या आधी ती हसत सुटली होती आणि तिची आईसुद्धा. चाचांनी स्क्रू कागदात गुंडाळून पुडीला दोरा बांधला, आणि पैसे घ्यायला काही तयार होईनात.